माशांच्या पाळण्यांतील शत्रु

जेथें दाटी तेथें रोग, हें सूत्र आरोग्यशास्त्राच्या पहिल्याच धड्यांत आपण शिकतों. यात्रेच्या गांवीं पटकीची सांथ कां पसरे, किंवा एका कोंदट खोलींत दहा माणसें निजलीं असतां एकाचा खोकला दहांना कां जडतो, हें कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. परंतु हेंच सूत्र पाण्याखालींही तितक्याच कठोरपणें चालतें, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं. मासा म्हटला कीं निर्मळ पाण्यांत स्वच्छंद विहार करणारा प्राणी आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. त्यास ताप नाहीं, खोकला नाहीं, वैद्याची गरज नाहीं, असें आपण गृहीत धरतों. वस्तुस्थिति निराळी आहे. माशांनाही रोग होतात, त्यांच्यांतही सांथी येतात. आणि त्या सांथींचा कहर जेथें विशेष होतो तें ठिकाण म्हणजे मनुष्यानें माशांसाठीं मुद्दाम बांधलेला पाळणा, अर्थात् मत्स्यबीज-केंद्र होय. या पाळण्यांत शिरणाऱ्या कांहीं परोपजीवी शत्रूंची ओळख करून द्यावी, आणि त्यांस आवर कसा घालतात हें सांगावें, असें आम्हीं योजिलें आहे.

मत्स्यबीज-केंद्र म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. रोहू, कटला, मृगळ या आपल्या देशांतील प्रमुख माशांची मादी एका हंगामांत लाखांनीं अंडीं घालते. परंतु नदींत त्यांपैकीं फारच थोड्या अंड्यांचे मोठे मासे होतात. पूर्वी एखाद्या तळ्यांत हे मासे वाढवावयाचे म्हणजे पावसाळ्यांत नदीच्या पाण्यांतून त्यांचीं पिलें धरून आणावीं लागत. सन १९५७ मध्यें ओडिशांतील अंगुल येथें डॉ. हिरालाल चौधरी यांनीं माशाच्या मस्तकांतील पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोंचून या माशांस बंदिस्त पाण्यांत अंडीं घालावयास लाविलें, आणि ही परवशता संपली. आज केंद्रांतील हौदांतच अंडीं फुटतात. नुकत्याच जन्मलेल्या पिलांस मत्स्यजिरे म्हणतात. तीं थोडीं वाढलीं म्हणजे त्यांस मत्स्यबीज, आणि बोटाएवढीं झालीं म्हणजे बोटुकली म्हणतात. थंड प्रदेशांत ट्राउट व सामन या माशांचीं अशींच केंद्रें एकोणिसाव्या शतकापासून चालत आलीं आहेत. शेतकऱ्यास जसें बियाणें, तसें मच्छीमारास हें बीज; तें रोगट निघालें तर पुढील वर्षाची सर्व आशा मावळते.

आतां परोपजीवी म्हणजे कोण, तें पाहूं. आंब्याच्या झाडावरील बांडगूळ आपण सर्वांनीं पाहिलेलें असतें. तें स्वतःच्या मुळ्या आंब्याच्या फांदींत खुपसून त्याचा रस शोषतें. परंतु सहसा झाडास एकदम मारीत नाहीं, कारण झाड मेलें तर बांडगुळाचाही शेवट होतो. नदींतील मासा आणि त्याचे परोपजीवी यांच्यामध्यें बहुधा असाच एक अलिखित करार असतो. नदी विस्तीर्ण, मासे विरळ. एका माशावरून सुटलेल्या शंभर जंतूंपैकीं एखाद्यासच दुसरा मासा सांपडतो. केंद्रांत हा करार मोडतो. तेथें वीतभर पाण्यांत शेंकडों कोंवळीं पिलें; त्यांची कातडी पातळ, अंगांत प्रतिकारशक्ति थोडी, आणि पळून जावयास जागा नाहीं. सुटलेल्या जंतूस शिकार शोधावीच लागत नाहीं. जो शत्रु नदींत केवळ उपद्रवी होता तोच हौदांत संहारक ठरतो.

या शत्रूंपैकीं पहिला म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग उत्पन्न करणारा एकपेशीय जंतु. यास शास्त्रज्ञांनीं इक्थियोफ्थिरियस मल्टिफिलिस असें लांबलचक नांव दिलें आहे. त्याचा अर्थ ‘अनेक लेंकरांची मत्स्य-ऊ’ असा होतो, आणि तें नांव किती यथार्थ आहे हें आतां दिसून येईल. हा जंतु माशाच्या कातडीखालीं व कल्ल्यांत शिरून तेथील पेशींवर उपजीविका करतो. वाढतां वाढतां तो सुमारें एक मिलिमीटरपर्यंत मोठा होतो, आणि मग माशाच्या अंगावर कोणीं मीठ शिंपडावें तसे पांढरे ठिपके दिसूं लागतात. मासा बेचैन होऊन हौदाच्या भिंतीस अंग घांसतो. कल्ले बिघडल्यामुळें त्याचा श्वास कोंडतो. पूर्ण वाढलेला जंतु माशास सोडून तळाशीं जातो, स्वतःभोंवतीं एक चिकट कवच करतो, आणि त्या कवचांत एकाचे दोन, दोहोंचे चार असा विभागत जाऊन शेंकडों पिलांस जन्म देतो. हीं पिलें कवच फोडून बाहेर पडतात व पोहत पोहत नवा मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा न मिळाला तर तीं उपाशीं मरतात.

वाचकांनीं या जीवनक्रमाकडे नीट लक्ष द्यावें, कारण उपायाची किल्ली त्यांतच आहे. जंतु कातडीखालीं असतांना औषध त्याच्यापर्यंत पोहोंचत नाहीं. कवचांत असतांनाही तो बराच सुरक्षित असतो. उघड्या पाण्यांत पोहत असतांना मात्र तो अगदीं दुबळा असतो. म्हणून पाण्यांत एकदांच औषध टाकून जो स्वस्थ बसतो, त्याच्या पदरीं निराशा येते. त्या दिवशीं पोहत असलेले जंतु मरतात. परंतु कातडीखालचे दुसऱ्या दिवशीं बाहेर पडतात आणि सांथ पुन्हां उसळते. जाणता केंद्रचालक मीठ, फॉर्मलिन अथवा मोरचूद यांपैकीं योग्य तें औषध मोजून, ठराविक दिवसांच्या अंतरानें पुन्हां पुन्हां देतो. पाणी जितकें ऊबदार तितका जंतूचा फेरा जलद; पंचवीस अंशांच्या सुमारास तो थोड्याच दिवसांत पुरा होतो, तर थंड पाण्यांत त्यास कित्येक आठवडे लागतात. म्हणून औषधाचें वेळापत्रक पाण्याच्या उष्णतेवरून ठरवावें लागतें. मासे दररोज एका हौदांतून दुसऱ्या स्वच्छ व कोरड्या केलेल्या हौदांत हलविणें, हा औषधावांचूनचा उपायही याच तत्त्वावर आधारलेला आहे: पिलें कवचांतून बाहेर येतात तों त्यांची शिकार निघून गेलेली असते. पूर्वी मॅलाकाइट ग्रीन नांवाचा एक हिरवा रंग या रोगावर रामबाण समजला जाई. परंतु तो मनुष्याच्या आरोग्यासही बाधक ठरण्याची भीति असल्यामुळें खाण्याच्या माशांसाठीं त्याचा वापर अनेक देशांनीं बंद केला आहे. माशाचा रोग बरा करतांना मासा खाणाराचा घात होऊं नये, हेंही पाहावें लागतें.

दुसरा शत्रु नॉर्वे देशास चांगलाच परिचित आहे. त्याचें नांव गायरोडॅक्टिलस सॅलॅरिस. हा सुमारें अर्धा मिलिमीटर लांबीचा चपटा कृमि आंकड्यांच्या साहाय्यानें सामन माशाच्या कातडीस चिकटून तिचे लचके तोडतो. याची प्रजोत्पत्ति विलक्षण आहे. हा अंडीं घालीत नाहीं, जिवंत पिलास जन्म देतो. आणि आईच्या पोटांत असलेल्या त्या पिलाच्याही पोटांत पुढचें पिलूं अगोदरच वाढूं लागलेलें असतें. लेंक जन्मते तीच नातीला पोटांत घेऊन! यामुळें एका कृमीपासून थोड्याच आठवड्यांत केवढी सेना उभी राहत असेल, याची कल्पना गणिताच्या विद्यार्थ्यांनीं करावी.

बाल्टिक समुद्राकडील सामन या कृमीच्या सहवासांत हजारों वर्षें राहिल्यामुळें त्यास बऱ्याच अंशीं तोंड देऊं शकतो. नॉर्वेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील सामनास मात्र त्याची मुळींच ओळख नव्हती. सन १९७५ मध्यें हा कृमि नॉर्वेत प्रथम आढळला. स्वीडनहून आणलेल्या माशांबरोबर तो तेथें आला, आणि पुढें रोगट केंद्रांतील पिलें नद्यांत सोडलीं गेल्यामुळें तो ठिकठिकाणीं पसरला. हळूहळू सुमारें पन्नास नद्यांत त्याचा शिरकाव झाला आणि त्यांतील कोंवळ्या सामनांचा जवळजवळ नायनाट झाला. केंद्रांतील हौद रिकामा करून वाळवितां येतो. माशांवांचून हा कृमि फार दिवस जगत नाहीं. परंतु नदी कशी वाळविणार? अखेर तेथील सरकारास कठोर मार्ग पत्करावा लागला. कांहीं वनस्पतींच्या मुळ्यांपासून मिळणारें रोटेनोन नांवाचें द्रव्य नदींत सोडून तींतील सर्व मासे मारावयाचे, म्हणजे त्यांच्याबरोबर कृमिही मरतो. आणि अगोदर सुरक्षित जागीं राखून ठेविलेल्या त्याच नदीच्या सामनवंशापासून नदी पुन्हां वसवावयाची, असा हा उपाय. बहुतेक नद्या यायोगें रोगमुक्त झाल्या आहेत. परंतु त्यास कित्येक दशकें लागलीं आणि अपार द्रव्य खर्चीं पडलें. एका निष्काळजी देवघेवीची ही किंमत होय.

आतां तिसऱ्या शत्रूकडे वळूं. त्याची कथा एखाद्या गुप्तहेराच्या कथेसारखी आहे, आणि आम्हांस ती सर्वांत बोधप्रद वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळांत उत्तर अमेरिकेंतील रेनबो ट्राउट हा मासा यूरोपांत आणून केंद्रांत वाढवूं लागले. सन १८९३ मध्यें जर्मनींतील ब्रूनो होफर या शास्त्रज्ञानें त्यांच्यामध्यें एक चमत्कारिक रोग पाहिला. पिलें आपल्याच शेंपटीमागें लागल्याप्रमाणें गरगर फिरत. त्यांच्या शेंपट्या काळ्या पडत. जीं जगत त्यांचीं डोकीं व पाठीचे कणे वांकडे होत. या रोगास भोंवऱ्याचा रोग म्हणतां येईल. त्याचें कारण मिक्सोबोलस सेरेब्रॅलिस नांवाचा सूक्ष्म परोपजीवी. तो पिलाच्या मस्तकांतील व कण्यांतील कोंवळी कूर्चा खातो. त्यामुळें मज्जातंतूंवर दाब पडून माशाचा तोल व शेंपटीचा रंग हीं दोन्हीं बिघडतात. यूरोपांतील मूळच्या तपकिरी ट्राउट माशांत हा परोपजीवी असे, परंतु त्यांस त्याची विशेष बाधा होत नसे. परक्या मुलुखांतून आलेल्या पाहुण्यास मात्र तो प्राणघातक ठरला.

रोग ओळखला, पण तो एका माशापासून दुसऱ्यास लागतो कसा, हें कोडें सुटेना. रोगी मासा कुजला म्हणजे त्याच्या शरीरांतून मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढे लहान असंख्य बीजाणु पाण्यांत पसरत. ते निरोगी पिलांस चारून पाहावे, तर पिलांस कांहींच होत नसे. परंतु तेच बीजाणु तळ्याच्या गाळांत कांहीं महिने राहूं दिले, आणि मग तेथें पिलें सोडलीं, तर रोग हटकून होई. शास्त्रज्ञ म्हणत कीं बीजाणु गाळांत ‘पिकत’ असावेत. परंतु पिकतात म्हणजे नेमकें काय होतें, हें कोणासच सांगतां येत नव्हतें.

हें कोडें अमेरिकेंतील केनेथ वूल्फ आणि मारिया मार्कीव या दोन संशोधकांनीं सोडविलें, व सन १९८४ मध्यें आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. गाळांत बीजाणु आपोआप पिकत नव्हता. त्यास गाळांतील ट्युबिफेक्स नांवाचा बारीक तांबडा कृमि गिळीत होता. या कृमीच्या आंतड्यांत सुमारें तीन महिने राहून परोपजीवी सर्वस्वीं नवें रूप घेई, आणि तीन फांट्यांच्या नांगरासारखा होऊन पाण्यांत तरंगत बाहेर पडे. हा नांगर पिलाच्या कातडीस लागला कीं आंतील रोगबीज पिलाच्या शरीरांत शिरे. आश्चर्य असें कीं, तीन फांट्यांचें हें रूप प्राणिशास्त्रज्ञांस पूर्वीपासून ठाऊक होतें. परंतु तो अगदीं निराळ्या वर्गांतील निराळा प्राणी आहे, असें ते समजत. एकाच नटानें दोन सोंगें घ्यावीं आणि प्रेक्षकांनीं दोन नट मानावे, तसा हा प्रकार झाला! पुढील संशोधनानें तर असें दिसून आलें आहे कीं, हे सूक्ष्म परोपजीवी जेलीफिश व प्रवाळ यांच्या कुळांतील आहेत. होफरनें रोग पाहिल्यापासून त्याची वाट सांपडेपर्यंत तब्बल एक्क्याण्णव वर्षें लोटलीं.

तोंवर रोग स्वस्थ बसला नव्हता. सन १९५८ मध्यें तो अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानांतल्या एका केंद्रांत आढळला, आणि पुढें माशांच्या ने-आणीबरोबर वीसांहून अधिक संस्थानांत पोहोंचला. सन १९९४ मध्यें माँटाना संस्थानांतील मॅडिसन नदींत तो सांपडला, तेव्हां तिच्या कांहीं भागांतील रेनबो ट्राउटांची संख्या सुमारें नव्वद टक्क्यांनीं घटली होती. म्हणजे पाहा: रेनबो ट्राउट मूळचा उत्तर अमेरिकेचा, तो यूरोपांत गेला, तेथील रोगाशीं त्याची गांठ पडली, आणि तोच रोग फिरून त्याच्या मायदेशीं आला.

या रोगावर माशास देण्याजोगें खात्रीचें औषध नाहीं. परंतु वाट कळल्यावर ती अडवितां येते. गाळ नाहीं तर तांबडा कृमि नाहीं, आणि कृमि नाहीं तर नांगर नाहीं. म्हणून मातीच्या तळ्यांऐवजीं सिमेंटचे हौद बांधावयाचे व ते वरचेवर घांसून काढावयाचे. नदीचें उघडें पाणी न घेतां विहिरीचें किंवा बंदिस्त झऱ्याचें पाणी घ्यावयाचें. तें न मिळाल्यास वाळूंतून गाळून अतिनील किरणांखालून न्यावयाचें. पिलांची कूर्चा हाडांत बदलेपर्यंतच धोका मोठा असतो. सुमारें नऊ आठवड्यांचीं व चार सेंटिमीटर लांबीचीं झाल्यावर तीं या रोगास बरीच दाद देईनाशीं होतात. तेवढे दिवस त्यांस निर्मळ पाण्यांत जपलें म्हणजे अर्धी लढाई जिंकली. जर्मनींत या रोगाच्या सहवासांत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली रेनबो ट्राउटची एक जात रोगास न जुमानणारी निघाली. तिचा अमेरिकेंतील जातींशीं संकर करून कोलोरॅडो संस्थानानें आपल्या नद्यांत नवी संतति सोडली आहे.

आपल्या देशांतील मत्स्यपालकास छळणारा शत्रु डोळ्यांनीं दिसण्याइतका मोठा आहे. अर्ग्युलस नांवाची ही माशांची ऊ पांच-सात मिलिमीटरांची, चपटी व जवळजवळ पारदर्शक असते. दोन चूषकांनीं ती माशास चिकटते, नांगीसारख्या सुईनें कातडी भोंसकते आणि रक्तरस शोषते. त्या जखमांतून मग इतर रोग शिरतात. रोहूसारख्या माशांच्या तळ्यांत हिचा उपद्रव फार. परंतु हिचेंही एक मर्म आहे. अंडीं घालण्यासाठीं मादी माशास सोडून जाते, आणि दगड, लांकूड अशा एखाद्या टणक पृष्ठभागावर तीं ओळीनें चिकटविते. म्हणून तळ्यांत बांबू किंवा फळ्या उभ्या करून ठेवाव्या आणि अंडीं फुटण्यापूर्वीं त्या बाहेर काढून उन्हांत कडकडीत वाळवाव्या. शत्रूची पुढची पिढी त्याच्याच हातून आपल्या सापळ्यांत ठेवविण्याची ही युक्ति कोणत्याही खेड्यांत करतां येण्याजोगी आहे. हंगाम संपल्यावर तळें आटवून, उन्हांत तळ तापवून चुना टाकणें, हीही जुनी व हितकारक रीत आहे.

या चारही शत्रूंच्या हकीकतींवरून कांहीं नियम आपोआप निघतात. बाहेरून आणलेले मासे लगेच जुन्यांत मिसळूं नयेत; कांहीं आठवडे त्यांस निराळे ठेवून निरखावें. एका हौदाचें जाळें व बादली दुसऱ्या हौदांत न वाळवितां बुडवूं नये. मेलेला मासा तात्काळ काढून पुरावा किंवा जाळावा. दाटी करूं नये. पाणी वाहतें ठेवावें. उरलेलें खाद्य तळाशीं कुजूं देऊं नये. आणि रोग दिसतांच औषधाची बाटली हातीं घेण्यापूर्वी कातडीचा व कल्ल्याचा अंश सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहावा. कारण एका शत्रूवरील शस्त्र दुसऱ्यावर चालत नाहीं, आणि कधीं कधीं तें आपल्याच माशांवर उलटतें.

परंतु या सर्वांहून मोठा बोध निराळाच आहे, असें आम्हांस वाटतें. हौदाच्या भिंतीआड जी चूक होते ती भिंतीआड राहत नाहीं. केंद्रांतून गेलेलें प्रत्येक पिलूं कोणाच्या तरी तळ्यांत, कोणत्या तरी नदींत जाऊन पडतें; आणि नदींत एकदां सोडलेला रोग कोणास परत बोलावतां येत नाहीं. बीज विकणारा मनुष्य केवळ पिलें विकीत नाहीं. विकत घेणाराचें वर्ष आणि नदीचें आरोग्य हीं दोन्हीं त्याच्या हातीं असतात. अशा मनुष्यानें शत्रूची वाट ओळखली पाहिजे. भोंवऱ्याच्या रोगाचें रहस्य माशाच्या अंगांत शोधूनही सांपडलें नाहीं. तें सांपडलें पायाखालच्या गाळांत, ज्याच्याकडे पाहण्यासारखें कांहीं असेल असें कोणास वाटलें नव्हतें. आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींपैकीं जे पुढें मत्स्यपालन, शेती किंवा वैद्यक यांकडे वळतील, त्यांनीं एवढी एक गोष्ट बरोबर न्यावी: रोग्याकडे पाहतांना त्याच्या भोंवतालचें पाणी आणि पाण्याखालची माती हींही पाहावीं.